घाईचे पापनिवेदन : ‘शॉर्ट श्रिफ्ट’ या वाक्प्रचाराचा इतिहास

‘बोळवण’ हा मराठीतील शब्द मुळात मानाचा. सासरी निघालेल्या लेकीची किंवा परतीच्या वाटेला लागलेल्या पाहुण्याची बोळवण करावयाची, म्हणजे त्यांच्याबरोबर चार पावले चालत जावयाचे, हातावर काही ठेवावयाचे आणि वेशीपाशी निरोप द्यावयाचा. आज ‘शिष्टमंडळाची कोरड्या आश्वासनावर बोळवण झाली’ असे वाक्य वर्तमानपत्रात वाचताना कोणाच्याही डोळ्यांपुढे वेस उभी राहत नाही. उभे राहते ते कचेरीचे अर्धवट उघडलेले दार आणि आतून आलेले तुटक उत्तर. शब्द तोच राहिला. त्यातील सोबत तेवढी गेली.

इंग्रजीतही असाच घसरत आलेला एक वाक्प्रचार आहे. एखाद्याची मागणी, तक्रार वा सूचना पुरती ऐकूनही न घेता फेटाळली गेली, की तिला ‘शॉर्ट श्रिफ्ट’ मिळाले असे इंग्रज म्हणतो. मंत्र्याने विरोधकांच्या प्रश्नाला, संपादकाने नवख्याच्या कवितेला, वरिष्ठाने कारकुनाच्या अर्जाला ‘शॉर्ट श्रिफ्ट’ दिले, असे प्रयोग इंग्रजी वृत्तपत्रांत नित्य आढळतात. मराठीत त्याला ‘वाटाण्याच्या अक्षता’ म्हणता येईल. पण दोहोंत थोडा भेद आहे. वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या म्हणजे नकार मिळाला. तो सगळे बोलणे ऐकून घेतल्यावरही मिळू शकतो. ‘शॉर्ट श्रिफ्ट’मध्ये नकारापेक्षा घाई अधिक बोचरी असते. ज्याला बोलावयाचे होते त्याला बोलण्यापुरता वेळच मिळाला नाही, हा त्यातील खरा सल. ही घाई कोठून आली हे पाहू गेल्यास वाट कचेरीत न थांबता थेट वधस्तंभापाशी जाऊन पोहोचते.

‘श्रिफ्ट’ म्हणजे पापनिवेदन. ख्रिस्ती मनुष्याने धर्मगुरूपुढे आपली पापे उच्चारावी, धर्मगुरूने त्याला प्रायश्चित्त सांगावे आणि क्षमेची वचने उच्चारावी, हा तो विधी. गोमंतकातील ख्रिस्ती समाज ज्याला ‘कुमसार’ म्हणतो, तोच हा. ‘ड्राइव्ह’ या क्रियापदापासून जसे ‘ड्रिफ्ट’, तसे ‘श्राइव्ह’पासून ‘श्रिफ्ट’. ‘श्राइव्ह’चे मूळ शोधीत गेले तर ते लॅटिन भाषेतील लिहिणे या अर्थाच्या धातूशी जाऊन भिडते. प्रायश्चित्त लिहून द्यावयाचे, नेमून द्यावयाचे, म्हणून त्या कृतीला हे नाव पडले. उपवासकाळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी लोक पापनिवेदनासाठी जात, म्हणून त्या मंगळवाराला इंग्रजीत ‘श्रोव्ह ट्यूजडे’ म्हणतात. गोव्यात कार्निव्हालचा शेवटचा दिवस तो हाच. रोममध्ये १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन केलेच पाहिजे असा नियम केला आणि ‘श्रिफ्ट’ हा राजापासून नांगऱ्यापर्यंत सर्वांच्या आयुष्याचा भाग झाला.

परंतु वर्षातून एकदाच्या पापनिवेदनाहून मरणसमयीच्या पापनिवेदनाचे महत्त्व कितीतरी अधिक. आपल्याकडे मरणाऱ्याच्या मुखात गंगोदक आणि तुळशीपत्र घातल्यावाचून जीव जाऊ नये अशी जी तळमळ असते, तीच येथे होती; किंबहुना तीत भयाचा अंश अधिक होता. घोर पाप मनात दडवून जो मेला त्याला कायमचा नरक; खऱ्या पश्चात्तापाने जो ते बोलून गेला त्याला तरणोपाय, अशी ती श्रद्धा होती. म्हणून देहान्ताची शिक्षा झालेल्या गुन्हेगारालाही धर्मगुरू नाकारू नये, असे चर्चचे सांगणे असे. सर्व राज्ये ते मुकाट्याने ऐकत असे मात्र नाही. फ्रान्समध्ये दंडिताला पापनिवेदनाची मुभा मिळावयास चौदाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. शरीर राजाचे, आत्मा देवाचा, अशी ही वाटणी होती. राजाने मान घ्यावी, परंतु त्यापूर्वी आत्म्याला थोडा अवधी द्यावा. हा अवधी किती, एवढाच प्रश्न उरे. आणि ‘शॉर्ट’ हे विशेषण त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

ज्या प्रसंगाने हे शब्द इंग्रजी वाङ्मयात रुजले तो १३ जून १४८३ या दिवशी लंडनच्या टॉवरमध्ये घडला. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड ९ एप्रिलला वारला होता. त्याचा वारस पाचवा एडवर्ड अवघा बारा वर्षांचा. म्हणून कारभार चुलत्याकडे, ग्लॉस्टरचा ड्यूक रिचर्ड याच्याकडे आला होता. लॉर्ड हेस्टिंग्ज हा मृत राजाचा जिवलग स्नेही आणि दरबारातील वजनदार अधिकारी. बालराजाच्या आजोळच्या मंडळींविरुद्ध त्याने रिचर्डला साह्यही केले होते. आपल्याला रिचर्डकडून भय आहे हे त्याच्या स्वप्नातही नव्हते.

त्या दिवसाची हकीकत सर टॉमस मोर याने आपल्या रिचर्डच्या इतिहासात लिहून ठेवली आहे. सकाळी नवाच्या सुमारास रिचर्ड मंत्रिमंडळाच्या बैठकीत आला तो हसतमुखाने. त्याने ईलीचा बिशप जॉन मॉर्टन याच्याकडे त्याच्या हॉलबर्न येथील बागेतील स्ट्रॉबेरी मागितल्या. बिशपने त्या आणावयास माणूस पिटाळला. रिचर्ड उठून गेला आणि तासा-दीड तासाने परतला तेव्हा त्याच्या मुद्रेवरील हास्य मावळले होते. ओठ चावीत त्याने विचारले की, जे आपल्या जिवावर उठले आहेत त्यांना शासन काय असावे? त्यांना द्रोह्याचे शासन व्हावे, असे हेस्टिंग्जच म्हणाला. मग रिचर्डने आपला वाळलेला हात उघडा करून दाखविला आणि मृत राजाची विधवा व जेन शोअर यांनी चेटूक करून तो तसा केला असा आरोप केला. जेन शोअर ही पूर्वी राजाची रक्षा आणि आता हेस्टिंग्जची. ‘त्यांनी तसे केले असेल तर’ असे काहीसे हेस्टिंग्ज बोलला. त्या ‘तर’वरच रिचर्ड कडाडला. टेबलावर मूठ आपटताच शस्त्रधारी शिपाई आत घुसले. ‘याचे शिर पाहिल्यावाचून जेवणार नाही’ अशी सेंट पॉलच्या नावाने त्याने शपथ घेतली.

पुढचे मोरने फार थोडक्यात सांगितले आहे. का, असे विचारून उपयोग नव्हता. जो धर्मगुरू हाताशी सापडला त्याच्यापुढे हेस्टिंग्जने अल्प पापनिवेदन केले. अधिक करू दिले जाणार नव्हते, कारण रिचर्डला जेवणाची घाई होती आणि शपथ तर मोडावयाची नव्हती! टॉवरच्या आवारातील प्रार्थनामंदिराशेजारच्या हिरवळीवर एका लांब ओंडक्यावर हेस्टिंग्जची मान ठेवली गेली. ना चौकशी, ना साक्षीपुरावा, ना न्यायाधीश. ‘अल्प पापनिवेदन’ या अर्थाने मोरने जे दोन शब्द योजले तेच ‘शॉर्ट श्रिफ्ट’. कोशकार बहुधा या वाक्प्रचाराचे जनकत्व शेक्सपिअरला देतात. पण शेक्सपिअर जन्मण्यापूर्वी सुमारे पन्नास वर्षे ते दोन शब्द मोरच्या लेखणीतून उतरले होते.

मोरने आणखी एक गोष्ट नमूद केली आहे, तिच्याशिवाय ही कथा पुरी होत नाही. त्याच दिवशी सकाळी टॉवरकडे जाताना हेस्टिंग्ज वाटेत एका धर्मगुरूशी बोलत थांबला होता. त्याला घेऊन जाणारा सरदार हसत म्हणाला की, इतका वेळ धर्मगुरूशी काय बोलता? तुम्हाला अजून धर्मगुरूची गरज नाही! बोलणाऱ्याला पुढचे ठाऊक होते, ऐकणाऱ्याला नव्हते. निवांत पापनिवेदनाची वेळ जेव्हा हाती होती तेव्हा ती थट्टेत गेली.

येथे मोरच्या साक्षीविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. ही घटना घडली तेव्हा तो पाच वर्षांचा पोर होता. पुढे लहानपणी काही काळ तो ज्या घरी वाढला ते घर, स्ट्रॉबेरी आणविणाऱ्या त्याच मॉर्टनचे. मॉर्टनला त्या बैठकीतच अटक झाली होती, तेव्हा रिचर्डविषयी त्या घरात गोड बोलले जात असेल हे संभवत नाही. हेस्टिंग्जच्या मृत्यूच्याच दिवशी राजाच्या आजोळच्या सरदारांचीही शिरे उत्तरेस पाँटिफ्रॅक्ट येथे उडविली गेली असे मोर लिहितो. ती वस्तुतः २५ जूनला उडाली. वाळलेल्या हाताची गोष्टही टिकत नाही. २०१२ साली लेस्टर शहरात मोटारी उभ्या करण्याच्या एका आवारात उत्खनन झाले. त्यात रिचर्डचाच म्हणून पुढे निश्चित झालेला सांगाडा सापडला. त्याचा कणा वाकलेला होता, हात मात्र दोन्ही धड होते. गमतीची, किंवा गमतीची न म्हणावी अशी, गोष्ट ही की ते थडगे देहाच्या मानाने आखूड खणलेले होते. मस्तक एका कडेला टेकवून देह कसाबसा आत बसविला होता. १४८५ च्या बॉझवर्थच्या रणात पडलेल्या या राजालाही कोणीतरी घाईनेच वाटेला लावले होते.

तपशील असे घासूनपुसून घ्यावे लागतात हे खरे. पण हेस्टिंग्जला चौकशीवाचून, अवधीवाचून मारले गेले या मूळ गोष्टीबद्दल शंका नाही. शिवाय मोरने नोंदविलेली पुढची हकीकत तर राज्यकारभाराच्या अभ्यासकांनी मनात ठेवावी अशी आहे. शिरच्छेद होऊन दोन तास झाले नाहीत तोच लंडन शहरात हेस्टिंग्जच्या अपराधांचा जाहीरनामा वाचला गेला. तो इतका लांबलचक, इतका नेटका आणि चर्मपत्रावर इतक्या सुंदर अक्षरात लिहिलेला होता की, हा आधीच तयार करून ठेवलेला असला पाहिजे हे लहान पोरालाही उमगावे. एका शाळामास्तराने तेथल्या तेथे त्या घाईवर कोटी केली. त्यावर एक व्यापारी म्हणाला की, हा तर भविष्यज्ञानाने लिहिलेला दिसतो.

शेक्सपिअरने आपल्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकात हे सारे घेतले. नाटक १५९२-९३ च्या सुमाराचे. छापले गेले १५९७ साली. मोरचा मजकूर हॉलिनशेडच्या बखरीतून त्याच्या हाती आला होता. पापनिवेदन आटप, सरकारांना जेवावयाचे आहे, असे हेस्टिंग्जला सुनावण्याचे काम नाटकात रॅटक्लिफकडे आहे. जाहीरनाम्याच्या हकीकतीतून तर शेक्सपिअरने एक स्वतंत्र छोटा प्रवेशच उभा केला. एक लेखनिक हाती कागद घेऊन एकटाच रंगभूमीवर येतो आणि सांगतो की, ही नक्कल करावयास आपल्याला अकरा तास लागले. मूळ मसुदा तयार करणाऱ्यालाही तेवढेच लागले असतील. आणि पाच तासांपूर्वी तर हेस्टिंग्ज जिवंत, आरोपावाचून मोकळा फिरत होता! मनुष्याच्या बोलण्याला काही क्षण आणि त्याच्याविरुद्धच्या लिखाणाला अकरा तास. ‘श्रिफ्ट’ हा शब्दच मुळात लिहिण्याच्या धातूपासून आलेला आहे हे शेक्सपिअरला ठाऊक असण्याचे कारण नाही; परंतु त्या प्रवेशात तो अर्थ आपसूक परतून आला आहे. प्रयोगकाळ वाचविण्यासाठी नाटक मंडळ्या हा प्रवेश पुष्कळदा गाळतात, म्हणजे त्या लेखनिकाच्या वाट्यालाही ‘शॉर्ट श्रिफ्ट’च येते.

नाटकाच्या प्रेक्षकांना या शब्दांनी जो धक्का बसत असेल त्याची कल्पना येण्यासाठी त्या वेळचे इंग्लंड पाहावे लागते. आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडले तरी १५३९ च्या कायद्याने धर्मगुरूच्या कानी करावयाचे पापनिवेदन कायम ठेवले होते. त्याच्या मुलाच्या राज्यात, १५४८ साली, ते ऐच्छिक झाले आणि हळूहळू लोकांच्या सवयीतून गेले. एलिझाबेथ राणीच्या काळात तर, १५८५ च्या कायद्याने, परदेशी दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूने इंग्लंडच्या भूमीवर पाऊल ठेवणे हाच राजद्रोह ठरला. त्याला आसरा देणाऱ्यालाही मरणाची शिक्षा होती. म्हणजे शेक्सपिअर हेस्टिंग्जच्या अपुऱ्या पापनिवेदनाचा प्रवेश लिहीत होता तेव्हा जुन्या पद्धतीने पुरते पापनिवेदन ऐकणे हा फाशीचा गुन्हा होता. प्रेक्षागृहात असे कितीतरी वृद्ध असतील, ज्यांचे आईबाप तो विधी करून गेले आणि ज्यांना स्वतःला तो मिळणार नव्हता.

त्या इंग्लंडमधून बाहेर पडलेला एक मनुष्य मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. विल्टशर परगण्यातील टॉमस स्टीफन्स हा रोमला जाऊन जेझुइट झाला आणि १५७९ साली गोव्यास पोहोचला. त्याच पंथाचा त्याचा देशबंधू एडमंड कँपियन १५८१ साली लंडनला टायबर्नच्या वधस्थानी फासावर गेला. स्टीफन्स मात्र साष्टीच्या गावांतून लोकांची पापनिवेदने त्यांच्याच भाषेत ऐकत राहिला आणि १६१६ साली, शेक्सपिअर वारला त्याच वर्षी, सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले. स्वदेशात जे काम केल्यास त्याचा जीव गेला असता ते येथे राजमान्य होते. अर्थात् त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासनही बसलेले होते आणि तेथे उभ्या केलेल्या माणसांना मोकळेपणाने ऐकून घेतले जात होते असे म्हणता येणार नाही, हेही विसरता कामा नये.

शेक्सपिअरच्या मनात हा विषय घर करून होता असे दिसते. हॅम्लेटच्या पित्याचे भूत आपल्या खुनापेक्षाही आपण पापनिवेदनावाचून, अंत्यसंस्कारावाचून गेलो याचा अधिक आक्रोश करते. आणि त्याचाच पुत्र, बनावट पत्र लिहून आपल्या दोन जुन्या सोबत्यांना मरणाच्या दारी धाडतो तेव्हा, त्यांना पापनिवेदनापुरताही वेळ देऊ नये असे त्यात घालावयास विसरत नाही. बापाला जे मिळाले नाही त्याचे दुःख करणारा पुत्र तेच दुसऱ्यांना नाकारतो. हॅम्लेटच्या थोरवीची चर्चा करणाऱ्या टीकाकारांनी या ओळीवरून जरा घाईनेच पुढे जावे, हेही नमुनेदार आहे.

आणि ज्याने हे दोन शब्द प्रथम लिहिले तो टॉमस मोर? राजाच्या वारसाहक्काच्या कायद्याने घातलेली शपथ त्याने नाकारली आणि एप्रिल १५३४ मध्ये तो त्याच टॉवरमध्ये बंदी झाला. त्याला मात्र जवळजवळ पंधरा महिन्यांचा अवधी मिळाला. त्यात त्याने प्रार्थना केली, ग्रंथ लिहिले, मुलीला कोळशाने पत्रे खरडली. ६ जुलै १५३५ च्या पहाटे त्याचा स्नेही सर टॉमस पोप निरोप घेऊन आला : नऊ वाजण्यापूर्वी मरावयाचे आहे, आणि वधमंचावर फार बोलू नये अशी राजाची इच्छा आहे. आपण काही बोलण्याचे योजिले होते, असे मोरने शांतपणे सांगितले आणि राजाची इच्छा मान्य केली. बावन्न वर्षांपूर्वी याच ६ जुलै या तारखेला रिचर्डचा राज्याभिषेक झाला होता.

धर्मविधी मागे पडला तरी वेळेचा प्रश्न इंग्रजी कायद्यात उरलाच. सन १७५२ पासून अमलात आलेल्या खुनाच्या कायद्याने असे ठरविले की, खुनी ठरलेल्या मनुष्याला शिक्षा सांगितल्यापासून तिसऱ्याच दिवशी फाशी द्यावे. तो दिवस रविवार आला तर सोमवारी. मधल्या काळात अन्न म्हणजे भाकरी आणि पाणी. मृत्यूनंतर प्रेताला मूठमाती नाही, ते शल्यवैद्यांच्या सुरीखाली जावयाचे किंवा साखळदंडात टांगून राहावयाचे. सहृदय न्यायाधीश शिक्षा शुक्रवारी सुनावीत, म्हणजे मध्ये रविवार येऊन कैद्याला एक दिवस जास्त मिळे. दयेला कायद्यात जागा नसली की ती अशी पंचांगात शोधावी लागते.

कायदा सर्वांना सारखा होता. अंमल तेवढा नव्हता. लॉर्ड फेरर्स या सरदाराने आपल्या कारभाऱ्याचा खून केला. १८ एप्रिल १७६० रोजी त्याला शिक्षा झाली आणि नियमाप्रमाणे २१ एप्रिलला, सोमवारी, फाशी द्यावयाचे ठरले. परंतु त्याचा दर्जा ध्यानी घेऊन ती तारीख ५ मेपर्यंत पुढे ढकलली गेली. सामान्य खुन्याला दोन रात्री, सरदाराला दोन आठवड्यांहून अधिक. चौऱ्याऐंशी वर्षे चाललेली ही घाई १८३६ साली रद्द झाली. घाई नडते ती निरपराधाला, हे तोवर पार्लमेंटला पटले होते; मागाहून खरा गुन्हेगार सापडला तरी दोन दिवसांत पुरलेला किंवा चिरलेला मनुष्य परत येत नसे. पुढे शिक्षा आणि फाशी यांच्यामध्ये तीन रविवार जाऊ देण्याचा प्रघात पडला. १९६५ साली ब्रिटनमध्ये खुनाबद्दलची फाशीच स्थगित झाली आणि १९६९ मध्ये ती कायमची गेली.

वाक्प्रचाराचे म्हणाल तर शेक्सपिअरनंतर दोनशे वर्षे तो जवळजवळ झोपलेलाच होता. त्याला जाग आणली सर वॉल्टर स्कॉटने. जुन्या चालीरीती आणि जुने शब्द उकरून काढण्याचा त्याला छंदच होता. १८१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लॉर्ड ऑफ द आइल्स’ या काव्यात त्याने तो योजला. तेथून तो कादंबऱ्यांत आणि वृत्तपत्रांत शिरला. प्रथम लुटारू आणि बंडखोर यांना जागच्या जागी लटकविण्याच्या संदर्भात, आणि मग एकोणिसावे शतक उतरणीला लागता लागता मरणाशी काही संबंध नसलेल्या बाबतीत, अर्जांना, कल्पनांना, पाहुण्यांना तो लागू झाला. प्रॉटेस्टंट इंग्लंडात ‘श्रिफ्ट’ काय हे घरोघरी कोणी सांगेनासे झाले होते. त्यामुळे त्यातील भय, क्षमा, आशा हे सारे गळाले आणि ‘शॉर्ट’ तेवढे शिल्लक राहिले.

अलीकडे पुष्कळ इंग्रज तो ‘शॉर्ट शिफ्ट’ असा लिहितात. त्यांच्या समजुतीने ही कारखान्यातली लहान पाळी असावी. भाषाशुद्धीचे कैवारी त्यावर रागावतात आणि कोशांतून ती चूक म्हणून नोंदली जाते. ती चूक आहेच. पण धर्मगुरू, ओंडका आणि जेवणासाठी खोळंबलेला रिचर्ड यांपैकी कोणीच ज्यांच्या नजरेसमोर नाही, त्यांनी त्या अनोळखी शब्दाच्या जागी रोजच्या ओळखीचा शब्द बसविला यात नवल नाही. टॉवरच्या आवारात आज हिरवळीजवळ काचेचे स्मारक आहे आणि तेथे प्राण गमावलेल्या मोजक्या व्यक्तींच्या नावांत लॉर्ड हेस्टिंग्जचेही नाव आहे. मरणोत्तर एक गोष्ट मात्र त्याला सावकाशीने मिळाली : चौथ्या एडवर्डची इच्छा होती त्याप्रमाणे, विंडसरच्या सेंट जॉर्ज मंदिरात, आपल्या राजाच्या थडग्याजवळ त्याला पुरण्यात आले.